तळटीप क्रमांक नऊ

तीर्थरूप मामांना,

हातांचं ग्रीस नीट पुसून, दोन्ही हात जोडून तुमच्या भाच्याचा नमस्कार. मामींनाही सांगा (सांगायचं कशाला, हे पत्र त्याच मोठ्यानं वाचून दाखवत असणार, तेव्हा मामी, तुम्हालाही नमस्कार, आणि मामांचा डावा कान तुमच्या बाजूला असेल तर आधी जागा बदलून घ्या).

इकडे सगळे खुशाल आहेत. तुमची भाचेसून तिच्या शिवणवर्गात बुडालेली आहे, धाकटीची कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आहे आणि माझे गुडघे होते तसेच आहेत, म्हणजे जिना चढताना ते माझ्या आधी बोलतात. तुमच्या डोळ्याचं कसं काय? मामी सांगत होत्या की मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी वाकायला बंदी केली होती आणि तुम्ही तिसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांच्या बेसिनखाली सापडलात. तुमच्या इमारतीची लिफ्ट तपासायला येणारा मेकॅनिकही म्हणे आता तुम्ही फिरायला बाहेर पडल्याची खात्री करूनच येतो. मामा, त्याला सुखानं काम करू द्या. मशीनरूमच्या दारात स्टूल टाकून बसलेले तुम्ही मी दहा वर्षं सोसले आहेत, त्या माणसाचं दुःख मला कळतं.

पत्र पाहून दचकू नका. विशेष काही घडलेलं नाही आणि माझं काही मागणंही नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग फोन का नाही केला, तर फोनवर नको असलेलं वाक्य आलं की तुमचा उजवा कानही डावा होतो. शिवाय मी आता लिहिणारा माणूस झालो आहे. हसू नका. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तुमचा भाचा दर शनिवारी सकाळी डबा घेऊन कॉलेजात जातो.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे खिडकीकडे धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं की तुम्ही नक्की करता काय. म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. निम्मा दिवस शाफ्टच्या तळाशी खड्ड्यात आणि उरलेला गच्चीवरच्या मशीनरूममध्ये. ते म्हणाले, दोन्ही बंद. मग कंपनीनं दोन वाटा दाखवल्या. एक, तक्रारीचे फोन घ्यायचे (खोलीला खिडकी नाही, आणि फोनवर भेटणारा प्रत्येक माणूस चिडलेला, कारण लिफ्ट छान चालली म्हणून कुणी लिफ्टवाल्याला फोन करत नाही). दुसरी, कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात नव्या मेकॅनिकांना शिकवायचं. ही दुसरी वाट ऐकली आणि मला एकदम तुम्ही आठवलात, ते स्टूल आठवलं, आणि ‘पुन्हा उघड’ म्हणणारा तुमचा आवाज. ते काम मला हवं आहे, मामा. फार हवं आहे. तुम्ही निरीक्षकाची बढती नाकारलीत, कारण रोज इस्त्रीचा शर्ट घालावा लागला असता. ती गोष्ट आपल्या घरात पाहुण्यांना अजून सांगतात. मी तुमच्याइतका बाणेदार नाही. मी तीन शर्ट शिवून घेतले. पण शिकवायला पदवी लागते, आणि पदवीच्या पहिल्याच वर्षाला ‘शैक्षणिक लेखन’ नावाचा विषय आहे. तो सुटल्याशिवाय पुढचं काहीच सुटत नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळा वर्ग उभा राहिला. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मागे कुणीच नव्हतं. इस्त्रीच्या शर्टाचा प्रताप. मग मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, म्हणजे बसायला गेलो. तिथल्या खुर्च्यांना हातावर घडीची फळी असते, आणि ती फळी व माझं पोट यांपैकी एकालाच तिथं जागा होती. आजूबाजूला सगळी धाकटीच्या वयाची मुलं. ती मला ‘काका’ म्हणतात आणि वर्गातला पंखा कुरकुरला की माझ्याकडे बघतात.

शिकवायला एक बाई आहेत. चाळिशीच्या, शांत, बोलताना कधी आवाज चढत नाही. त्यांना मुलांनी ‘संदर्भबाई’ नाव ठेवलं आहे, कारण कुणीही काहीही लिहिलं की त्या समासात लाल शाईनं ‘संदर्भ?’ असा एकच शब्द लिहितात. वर्षाचा मोठा निबंध होता, विषय ‘कामाच्या ठिकाणची सुरक्षितता’. विषय ऐकून मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. बाकीच्या पोरांनी कामाचं ठिकाणच पाहिलेलं नाही, आणि इथं हाडं त्यात झिजली. घरी जाऊन एका बैठकीत निबंध लिहून काढला, तुम्ही शिकवलं तसा. ठिकाण: कामाची जागा. दोष: माणसं पडतात. कारण: घाई. उपाय: घाई करू नये. तपासून चालू केले. अशा सगळ्या मिळून अकरा ओळी. मला वाटलं, विषय संपला. बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘हे सर्व पटण्यासारखे आहे. आता दोन हजार शब्दांत लिहावे.’

दोन हजार शब्द, मामा. आपण अख्ख्या वर्षाच्या नोंदवहीत तेवढे लिहीत नाही. पण त्यांची म्हणून एक रीत आहे. आधी प्रस्तावना, तिच्यात मी काय सांगणार आहे ते सांगायचं. मग ते सांगायचं. मग निष्कर्ष, त्यात काय सांगितलं ते पुन्हा सांगायचं. मी बाईंना विचारलं की चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेल्या माणसाला मी आधी ‘मी तुम्हाला बाहेर काढणार आहे’, मग बाहेर काढून शेवटी ‘मी तुम्हाला बाहेर काढलं’ असं सांगत बसलो तर तो काय म्हणेल. बाई थोडा विचार करून म्हणाल्या की पहिलं वाक्य ऐकून त्याला बरंच वाटेल. हे मला मान्य करावं लागलं. अडकलेला माणूस अंधारात पहिल्यांदा तेवढंच विचारतो.

दुसरा घोळ ‘बहुधा’चा. कॉलेजात ठामपणे बोललेलं चालत नाही. घाईमुळे अपघात होतात असं लिहिलं तर बाईंनी सुधारलं, ‘घाई हे अपघातांचे एक संभाव्य कारण असल्याचे दिसते’. मी म्हटलं, बाई, मी जर एखाद्या शाळेच्या लिफ्टवर ‘ही लिफ्ट बहुधा सुरक्षित असल्याचे दिसते’ अशी पाटी लावली तर मला त्याच दिवशी घरी बसवतील. त्यावर वर्ग हसला, बाईही हसल्या, पण गुण कापायचे ते कापलेच. आता सवयच लागली आहे. परवा तुमच्या भाचेसुनेनं विचारलं, आमटी कशी झाली आहे. मी म्हणालो, चांगली झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यानंतरचा तपशील या पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘मी’ लिहायचं नाही. मी पाहिलं, मी केलं, हे बाद. ‘असे आढळले’, ‘असे करण्यात आले’, आणि अगदीच अडलं तर ‘प्रस्तुत लेखक’. (घरी हे कळल्यापासून माझं नाव गेलंच. ‘प्रस्तुत लेखक, ताट वाढलंय’ अशी हाक येते.) पण खरं सांगू, इथं मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ‘ब्रेक ढिला आढळला. घट्ट करण्यात आला.’ कुणाला आढळला, कुणी केला, विचारायचं नाही. ही तर आपलीच भाषा. मनात म्हटलं, एवढं मोठं कॉलेज आणि आपले मामा, दोघांचं एका मुद्द्यावर एकमत आहे. तिथंच माझा पाय घसरला.

कारण मग बाई म्हणाल्या, ग्रंथालयात जा, या विषयावर आधी कोण काय म्हणून गेलंय ते वाचा आणि निबंधात आणा. मी गेलो. चार पुस्तकं वाचली, खरोखर वाचली, टिपणं काढली. एका बाईंनी थकवा या विषयावर असं लिहिलंय की त्या कधीतरी आपल्याबरोबर खड्ड्यात उतरल्या असाव्यात असं वाटावं. एकानं लिहिलंय की माणूस धोक्याला भितो तोवर सुरक्षित असतो, सवय झाली की संपलं. मी वाक्यंच्या वाक्यं उचलून निबंधात जिथं शोभतील तिथं बसवली. नाव मात्र एकाचंही लिहिलं नाही. अजिबात नाही. तुम्हाला वाटेल विसरलो असेन. विसरलो नाही, नावं जाणूनबुजून काळजीपूर्वक गाळली. तुम्ही पहिल्याच दिवशी नोंदवही माझ्यापुढे टाकून सांगितलं होतंत की दोष लिही, उपाय लिही, नाव लिहू नकोस. लिफ्ट बरी चालली तर ही वही कुणी उघडत नाही, आणि उघडतात तेव्हा नावच शोधायला उघडतात. ते हाडात मुरलंय. नाव लिहिलं म्हणजे त्या माणसाला साहेबापुढे उभं केलं. या चौघांनी माझं काय वाईट केलं होतं? त्यातल्या एका गृहस्थांनी तर दोर तुटला की लिफ्ट सरळ खाली कोसळते असं छापलंय (पाच दोर असतात आणि शिवाय लिफ्ट सुटलीच तर रुळांना धरणारी पकड असते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं). त्यांची चूक मी निबंधात दुरुस्त केली, पण फक्त ‘एके ठिकाणी असा समज आढळला’ एवढंच लिहिलं. म्हटलं, वयस्कर माणूस असेल, नातवंडं असतील, उगाच कशाला त्यांची शोभा. निबंध दिला तेव्हा आपण किती सभ्यपणे वागलो या विचारानं मी खूश होतो.

पुढच्या शनिवारी बाईंनी वर्ग सुटल्यावर त्यांच्या खोलीत बोलावलं. लहानशी खोली, खिडकीच्या कट्ट्यापर्यंत पेपरांचे गठ्ठे, आणि पुस्तकांच्या कपाटाचं एक दार वरच्या बिजागरीतून निखळून लोंबतंय. माझं सगळं लक्ष त्या दाराकडे. टेबलावर माझा निबंध आणि त्याच्या भोवती ती चारही पुस्तकं उघडून ठेवलेली. मला वाटलं, एवढं वाचलं म्हणून कौतुक करायला बोलावलंय. तर निबंधभर लाल वर्तुळं होती, आणि प्रत्येक वर्तुळातलं वाक्य पुस्तकात सापडत होतं, शब्दाला शब्द. बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “याला आमच्याकडे चोरी म्हणतात.”

मामा, मी सत्तावीस वर्षं लोकांच्या घरादारांत हिंडलोय, दुसऱ्याचा एक स्क्रू खिशात आला तर परत नेऊन दिलाय. माझे कान गरम झाले. बाईंनी सांगितलं की प्रकरण शिस्त समितीकडे जाणार, पंधरा दिवसांनंतरच्या गुरुवारी. चोरी ठरली तर विषयात शून्य आणि वर्षभर परीक्षेला बंदी. पदवी होईपर्यंत प्रशिक्षण केंद्रातली जागा माझ्यासाठी धरून ठेवली आहे, त्यावर आणखी एक वर्ष ती थांबणार नाही, म्हणजे मग मी आणि तो खिडकी नसलेल्या खोलीतला फोन. एवढं सांगून त्यांनी शांतपणे विचारलं की तुम्ही असं का केलंत. मग मी सगळं सांगितलं, वही, नाव, साहेब, ते नातवंडांचे गृहस्थ, सगळं. सांगताना हात रिकामे राहवेनात म्हणून खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून त्या कपाटाची बिजागरीही बसवली.

बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, असा नियम आहे असं कोण म्हणतं. म्हटलं, माझे मामा. तर म्हणाल्या की मग तसं लिहा, मामांचं नाव, कधी म्हणाले, कुठे म्हणाले. मी म्हटलं, बाई, नाव लिहायचं नाही हाच मामांचा नियम आहे. तो मामांच्या नावानिशी लिहिला तर लिहिता लिहिताच मोडला. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. बाकी मुलं त्यांना काय काय कारणं सांगत असतील, पण हे नवीन असावं. मग त्या जे म्हणाल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय.

“आमच्याकडे नाव लिहितात ते पकडून द्यायला नाही. आपल्याजवळ जे आहे ते कुणाकडून आलं, हे कळावं म्हणून लिहितात.”

मी जिन्यानं खाली आलो (लिफ्ट होती, पण डोकं ठिकाणावर नसताना मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, हेही तुमचंच) आणि फाटकाशी बराच वेळ उभा राहिलो. सत्तावीस वर्षांत मला असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. नावाचा असाही उपयोग असतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

तर आता ठरलंय ते असं. बाईंनी निबंध परत लिहायला मुभा दिली आहे. चारही लेखकांची नावं जिथल्या तिथं घालायची (त्या गृहस्थांचंसुद्धा, मी पत्र पाठवून त्यांना पाच दोरांचं कळवणार आहे), आणि नावं का गाळली होती ते एका परिच्छेदात पुराव्यासह मांडायचं. समितीला ते पटलं तर गैरसमज म्हणून सोडून देतील. पुरावा म्हणून मी आणि लंबू (माझा जोडीदार, याला शिडी लागत नाही) वर्कशॉपमागच्या गोदामात दोन दुपारी बसलो. लोखंडी मांडण्यांवर वर्षावर्षांचे नोंदवह्यांचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले आहेत, आणि त्यांची राखण करणारी बाई शिंकेवर शिंक देत प्रत्येक गठ्ठ्याची सही घेते. तुमच्या वेळच्या सगळ्या वह्या चाळल्या. एकाही पानावर मेकॅनिकचं नाव नाही, खाली फक्त प्रमुख मेकॅनिक म्हणून तुमची सही, आणि तीही अशी की ती तुमचीच आहे हे तुम्हाला सिद्ध करता येऊ नये. लंबू म्हणाला, तुझे मामा बँकेत गेले असते तर फार पुढे गेले असते. जे हवं होतं ते मिळालं. हवं नव्हतं असंही थोडं मिळालं, पण ते असो.

एकंदरीत काळजीचं काहीच कारण नाही. समितीत तीन माणसं आहेत, माणसंच आहेत, आणि मी सकाळी लवकर जाऊन त्यांच्या दालनाबाहेरचा करकरणारा दरवाजा तेवढा तेल घालून ठेवणार आहे. तुम्ही वाकू नका, बेसिनं ज्याची त्याला दुरुस्त करू द्या, औषधाचे थेंब मामी सांगतील तेव्हा घाला. घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.

तुमचा भाचा
(ऊर्फ प्रस्तुत लेखक)

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं, ते बहुतांशी खरं आहे. सोबत एक कोरा कागद ठेवला आहे. त्यावर तुमच्या हातानं एवढंच लिहून पाठवा की आपल्या धंद्यात वहीत नाव लिहीत नाहीत आणि मला ते तुम्ही शिकवलं. खाली तारीख आणि सही. सही कृपा करून वाचता येईल अशी. शेजारी संपूर्ण नाव. तुम्हाला ते जड जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून मामींनी पेन तुमच्या हातात देऊन तिथंच बसावं. शिस्त समितीपुढे तुम्ही माझा ‘संदर्भ’ असणार आहात.

ता. क. दुसरा. गोदामात जे हवं नव्हतं ते असं. ग्रंथालयाच्या लिफ्टचं पान. तुम्हाला आठवतं का माहीत नाही, मला आठवतं. मी चोवीस वर्षांचा होतो आणि त्या लिफ्टचा ब्रेक मी एकट्यानं लावला होता, पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली आणि पुस्तकं घेऊन बाहेर पडणाऱ्या सहायक ग्रंथपालबाई अडखळून पडल्या, मनगट मोडलं. तुम्ही ब्रेक उघडलात, त्यात पाहिलंत, मग माझ्याकडे पाहिलंत. ब्रेक घट्ट केलात आणि म्हणालात, “दोन वेळा तपासत जा.” मग आपण गच्चीवर डबा खाल्ला. मला वाटलं, विषय तिथं संपला. पानावर तुमच्या अक्षरात आहे, ‘ब्रेक ढिला आढळला. घट्ट करण्यात आला. लिफ्ट चालू.’ पण त्या पानाला टाचणीनं ऑफिसची एक चिठ्ठी लावलेली आहे, टाचणी गंजून तिचा डाग दोन पानांत उतरलाय. ‘ब्रेक कोणी लावला त्याचे नाव सांगण्यास प्रमुख मेकॅनिकांनी नकार दिला. सबब जबाबदारी त्यांचीच धरण्यात येत आहे. निरीक्षकपदासाठी त्यांचा विचार करू नये.’

मामा, इस्त्रीच्या शर्टाची गोष्ट सत्तावीस वर्षं मी स्वतः लोकांना हसत सांगत आलो. तिला साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे तुम्ही. बाई म्हणतात अशा साधनावर विसंबू नये. चिठ्ठी वाचली आणि मला रडू आलं, त्या शिंकणाऱ्या बाईसमोर. लंबू नुसता माझ्या आणि तिच्या मधे उभा राहिला. मला फार वाईट वाटलं, आणि तुमचा रागही आला. एकदा तरी सांगायचं होतंत.

ते पान मी निबंधात तळटीप क्रमांक नऊ म्हणून घातलं आहे. धाकटी म्हणते, बाबा, ही टीप गाळा, निबंध तिच्याशिवायही पास होईल. तिचं बरोबर आहे. समितीच्या निर्णयाबरोबर निबंधाची प्रत कंपनीत जाणार, प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखांच्या टेबलावर, आणि सुरक्षितता शिकवायला ज्या माणसाला घेणार त्यानंच ब्रेक ढिला सोडला होता हे ते वाचणार. मग तिनं दुसरा मार्ग काढला, की ‘ब्रेक ढिला सोडण्यात आला होता’ असं लिहा, व्याकरणही बरोबर, कॉलेजही खूश. मी तसं लिहून पाहिलं. मग खोडलं. तेव्हा ही टीप ठेवायला तुमची परवानगी हवी आहे. हयात माणसाबद्दल लिहिताना ती विचारावी असा नियम आहे. तुमचा नियम मोडतोय, म्हणूनही विचारतो.

ता. क. तिसरा. निबंध आज सकाळीच दिला. रागावू नका. आधी लिफ्ट चालू करावी आणि मग साहेबांना फोन करावा, हे तुम्हीच शिकवलंत. बाईंनी माझ्यासमोर शेवटपर्यंत वाचला. तळटीप नऊ वाचून म्हणाल्या की इथं ‘मी’ आलंय. म्हटलं, हो. त्यांनी पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं आणि झाकण लावून ठेवून दिलं. तुमच्या कागदाची आता समितीला गरज नाही, वह्या पुरेशा आहेत असं त्या म्हणाल्या. कागद तरी पाठवा. मला माझ्याजवळ ठेवायचा आहे. गुरुवारी काय होईल ते होईल. फोनच्या खोलीत बसावं लागलं तर बसेन.

ता. क. चौथा, हा फक्त मामींसाठी. मामी, दुसरा ता. क. वाचताना मामा उठून नळ तपासायला गेले असतील. गेले असू देत. तुम्ही थांबू नका, मोठ्यानं वाचत राहा, त्यांना हवं तेव्हा सगळं ऐकू येतं. तळटीप अशी आहे:

‘९. ग्रंथालयाच्या लिफ्टचा ब्रेक मी ढिला सोडला होता. माझ्या मामांनी माझं नाव लिहिलं नाही, विचारल्यावर सांगितलं नाही, आणि त्यांना त्याची काय किंमत पडली हे मलाही कळू दिलं नाही.’

खाली माझं संपूर्ण नाव आहे. एवढं त्यांना दोनदा वाचून दाखवा. (दोन वेळा तपासत जा. संदर्भ: मामा, ग्रंथालयाची मशीनरूम, सत्तावीस वर्षांपूर्वी.)